घाट, मार्च आणि माझ्या भावाची जीप

मार्च लागला की धारूरच्या घाटात पाण्याचे टँकर दिसायला लागतात आणि एस.टी. स्टँडवर पुठ्ठ्याचं पॅड छातीशी धरलेली पोरं. पोरं ओठांतल्या ओठांत सूत्रं पुटपुटत असतात. टँकरच्या मागच्या तोटीतून पाण्याची धार डांबरावर सांडत असते आणि ती रेघ दहा मिनिटांत वाळून जाते. यंदाही तसंच आहे. परवा घाट चढताना एका टँकरच्या मागे अडकलो. मागून एका पोराने निळ्या दिव्यांची जीप आणली आणि हॉर्न दिला. हॉर्न कसला, लग्नातला बँड. टँकरवाल्याने मुकाट बाजू दिली. मला त्याने अर्धा घाट दिली नव्हती.

मला त्या पोराचा राग आला नाही. हेवा वाटला. इतक्या वर्षांनी, केस पिकल्यावर, एका हॉर्नचा हेवा.

हा हेवा जुना आहे, एका मार्चमधला. तो मार्च दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षाचा होता. आमचं गाव घाटाच्या खाली. मी सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो. ट्रॅक्टर उसाने भरलेला येणार, काट्यावर चढणार, मी वजन घेणार. रिकामा होऊन परत येणार, पुन्हा वजन. दोन्हींमधला फरक म्हणजे ऊस. आयुष्यभर मी फरक काढत आलो. पण त्या वर्षी पट्ट्यातला निम्मा ऊस कारखान्याला न येता गुरांच्या छावण्यांना गेला, आणि जो आला तो जळणासारखा हलका. बॉयलर नेहमीपेक्षा फार लवकर थंड झाला. ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी रात्रंदिवस येणारा तो गोडसर, आंबूस वास एका आठवड्यात गेला. उरला फक्त उन्हात तापलेल्या लोखंडाचा वास. काटा चालू ठेवायचा हुकूम होता, म्हणून मी बसून होतो. काट्यावर चिमण्या उतरायच्या. आकडा शून्यावरून हलायचा नाही.

माझा धाकटा भाऊ विलास. त्याचा ट्रॅक्टर कारखान्याला उसाच्या वाहतुकीवर लागलेला असायचा. त्या वर्षी तो दारात उभा होता, त्याच्या ट्रॉल्या चाकं वर करून पडल्या होत्या. रिकामा माणूस काय करील सांगता येत नाही. काहींनी पत्ते धरले, काहींनी राजकारण. विलासने आपली जुनी जीप धरली. ट्रॉलीचे स्प्रिंगचे पाटे काढून जीपखाली घातले आणि जीप हातभर उचलली. रुंद टायर घातले. पुढे लोखंडी नळ्यांचा बंपर, असा की म्हैस आडवी आली तरी म्हशीनेच माफी मागावी. मागची सीट काढून तिथे खोक्याएवढे स्पीकर, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने तिघं मावतील अशी आडवी सीट. टपावर ओळीने दिवे. आणि मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत: ‘पाऊस पडो वा न पडो’.

हे लिहिताना मला हसू येतंय, पण तेव्हा आलं नाही. तेव्हा अख्ख्या गावाला ते वाक्य पाठ झालं होतं. हापशावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकासुद्धा जीप दिसली की पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या दिवसांत हसण्यासारखं दुसरं काय होतं? शिवारात हिरवं म्हणून काही नव्हतं. विलासच्या जीपवर निळे दिवे होते.

माझ्याकडेही गाडी होती. पांढरी, छोटी, दुसऱ्याने वापरलेली. दर पंधरवड्याला हवा, दर सहा महिन्यांनी ब्रेक, पावसाळ्याआधी वायपरची रबरं, पाऊस येवो न येवो. गाव तिला ‘डबी’ म्हणायचं. “काटेवाले साहेब डबीतून आले.” आजही घाटात मी तिसऱ्या गिअरवर चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो. याचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. कसं करणार? देखणेपण लांबून दिसतं. सुरक्षितपणा दिसतच नाही. ब्रेक चांगले असले की काही घडत नाही, आणि जे घडलं नाही त्याला टाळ्या कोण वाजवील?

एकदा विलासबरोबर केजला गेलो होतो, सलीमभाईच्या गॅरेजवर. सलीमभाई म्हणजे आमच्या भागातल्या साऱ्या सजलेल्या जीपांचा शिंपी. तोंडात पान, हातात वेल्डिंगचा चष्मा. विलासने फर्माईश करायची आणि त्याने “हो जायेगा मालक” म्हणायचं, एवढाच त्यांचा संवाद. मी मध्येच विचारलं, “सलीमभाई, गाडी उचलली, वजन वाढवलं, टायर मोठं केलं. ब्रेकचं काय?”

“ब्रेक हाय की. कंपनीचं हाय.”

“कंपनीनं ते कंपनीच्या गाडीला दिलतं. ही आता कंपनीची ऱ्हायली का?”

त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, “साहेब, एवढी वर्षं दुकान चालिवतो. लाइटासाठी पोरांची लाइन लागती. ब्रेकसाठी सोताहून आलेलं गिऱ्हाईक तुमीच पयले. अन् तुमची गाडी बी न्हाई ही.”

विलास एवढा हसला की त्याला ठसका लागला.

आता मूळ गोष्ट. माझी मुलगी आशू त्या वर्षी बारावीला होती, सायन्सला. केंद्र घाटावर, धारूरला. आणि परीक्षा संपली की लगेच लातूर, हॉस्टेल, मेडिकलची तयारी. मुलगी एकदा हॉस्टेलला गेली की घरी येते ती पाहुणी म्हणून, हे मी इतरांच्या घरी पाहिलं होतं. एस.टी.चा भरवसा नव्हता, तेव्हा पेपरांना तिला गाडीने सोडायचं होतं. मी मनात धरलं होतं की ते घाटाचे फेरे माझे. जाताना ती आणि मी, येताना ती आणि मी. बापलेकीला एवढा सलग वेळ पुन्हा मिळणार नव्हता. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोलणं होईल असं धरून चाललो होतो.

पहिला पेपर इंग्रजीचा. घरून चांगला तासभर आधी निघालो. पहिल्याच वळणानंतर टँकर. घाट अरुंद, पुढचं दिसत नाही. मी ओव्हरटेक केलं नाही. करायला नकोच होतं, आजही माझं तेच मत आहे. टँकर श्वास लागलेल्या म्हाताऱ्यासारखा चढत होता. आशू खिडकीकडे तोंड करून बसली होती. एकदाच म्हणाली, “पप्पा, तुम्ही हॉर्न तरी द्या.” मी दिला. माझा हॉर्न म्हणजे कोंबडीचं पिल्लू. केंद्रावर पोचलो तेव्हा घंटेला दहा मिनिटं होती, म्हणजे वेळेतच. पण पॅड घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला तर तो गार होता.

संध्याकाळी ती ताटावरून न उठताच म्हणाली, “पप्पा, उद्यापासून काका सोडतो म्हणालाय.”

इथे एक सांगायला हवं. मला ती ‘तुम्ही’ म्हणते. काकाला ‘तू’. यात गैर काही नाही, आमच्याकडे अशीच रीत आहे. पण त्या संध्याकाळी मला ते दोन शब्द काट्याच्या दोन बाजूंना ठेवल्यासारखे दिसले.

दुसऱ्या दिवसापासून जीप दारात यायची. तो हॉर्न. आशू धावत जायची, पायरीवर पाय, एका झेपेत वर. वाटेत तिच्या दोन मैत्रिणी बसायच्या. तिघी आणि विलास, घाटात टँकर बाजूला होतायत, स्पीकर चालू. संध्याकाळी चार जण चारचौघांत सांगायचे, “तुमची आशू तर राणीवानी चाललीया.” मी काट्यावर बसून चिमण्यांना पाहायचो. ती विलासशी काय बोलत असेल? मला विचारता येत नव्हतं. मला ती “पेपर बरा गेला” एवढं सांगायची आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या मंगलला, माझ्या बायकोला, हाक मारायची.

मी मंगलजवळ विषय काढला. जीप उंच केली की तिचा तोल वर जातो, वळणावर कलंडते; वजन वाढलं की ब्रेक तापतात; जाड पाट्यांनी चाकं रस्ता धरत नाहीत. सगळं सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “खरं हाय तुमचं. पण भावजींची जीप एस.टी.च्या लाल डब्यावानी रिकामी गेली असती तर तुमाला एवढं घाटाचं गणित आलं असतं का?”

खडा बाजूला टाकावा तसं तिने ते बाजूला टाकलं. मला मात्र तो लागला.

मग मी एक युक्ती केली. दोन पेपरांमधल्या सुट्टीच्या दिवशी विलासला म्हणालो, “काटा रिकामाच आहे. जीप आण. वजन तरी करू.” माझा हिशेब साफ होता. आकड्यापुढे कुणाचं चालत नाही. आर.सी. बुकात लिहिलेलं वजन एकीकडे, काट्याचं एकीकडे. फरक दहा लोकांसमोर वाचायचा. दहाच्या जागी पन्नास जमले. कारखान्यात कुणालाच काम नव्हतं. शेती खात्यातले, फिटर, वॉचमन, कॅन्टीनचा पोरगा किटलीसकट. जीप काट्यावर चढली. आकडा थरथरला आणि थांबला. मी खिडकीतून मोठ्याने वाचला. कंपनीच्या वजनापेक्षा चार क्विंटल जास्त.

मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं: आता सांगा, एवढं वजन घेऊन घाट उतरायचा का?

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “आरं तिच्यायला! चार क्विंटल!”

“मोकळ्या गाडीला चार क्विंटल? भरली तर काय हुईल बे?”

“दम हाय गाडीत. लई वजनदार.”

आणि टाळ्या. माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी जिथे जन्मलो, वाढलो, जिथे काटा चालवला, तिथलीच ही माणसं, आणि मला एवढं कळलं नव्हतं की उसाच्या मुलखात वजन जास्त भरलं ही वाईट बातमी असूच शकत नाही. ट्रॉली हलकी भरली की शेतकऱ्याचं तोंड उतरतं, जड भरली की तो चहा पाजतो. दोन वर्षांत काट्यावरून कुणाला चांगला आकडा ऐकायला मिळाला नव्हता. तो मी त्यांना दिला होता. विलासने सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी जीपच्या बंपरवर पिवळ्या रंगात तो आकडा लिहिलेला होता, किलोसकट.

सलीमभाईने एवढ्या खटपटी केल्या, पण त्या जीपवरचा सगळ्यात गाजलेला नखरा माझ्या हातचा आहे.

केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी दुपारी फोन आला. विलासचा. “दादा, गाडी उभी केलीया घाटात. ब्रेकातून धूर निघालाय. तसं काय न्हाई, डोंगराच्या अंगाला दाबून थांबविली. पोरी बऱ्या हायत. तू ये.”

खरं लिहायचं तर आधी भीतीच वाटली. आणि तिच्याच पाठोपाठ एक गारवा आला. माझं खरं ठरलं होतं. डबीची चावी घेऊन निघालो तेव्हा मला उन्हाचा चटका लागत नव्हता. पोचल्यावर काय बोलायचं ते मी घाट चढताना शब्दाशब्दाने जुळवलं.

वळणावर जीप डोंगराला टेकून उभी होती. चाकाजवळ जळक्या ब्रेक लायनरचा तो कडवट वास. दोन्ही मैत्रिणी मागून आलेल्या एस.टी.ने खाली गेल्या होत्या. आणि हे दोघं कठड्याच्या सावलीत बसलेले. विलासच्या हातात आशूचं बायोलॉजीचं पुस्तक. तो प्रश्न विचारत होता. सातवी शिकलेला माझा भाऊ पेशीतल्या एकेका भागाचं नाव अशा थाटात वाचत होता, जसं बाजारात बैलाचं वर्णन चाललंय, आणि आशू हसून हसून डोळे पुसत होती. हसता हसता उत्तर मात्र बरोबर देत होती.

मला पाहून दोघंही उभे राहिले. हसणं थांबलं. मी जुळवलेलं सगळं बोललो नाही. एवढंच म्हणालो, “बस गाडीत.”

विलास म्हणाला, “जा, मी थांबतो. सलीमभाईला फोन लावलाय.” मग मान खाली घालून, हळू आवाजात, “दादा, पोरीला भेव वाटू नाई म्हणून पुस्तक काढलं. भ्यालो तर मीच होतो.”

आशू पुढे बसली, न सांगता बेल्ट लावला. मी दुसऱ्या गिअरवर घाट उतरू लागलो. जे मला हवं होतं ते सगळं त्या गाडीत होतं: ती, मी, घाट, वेळ. मी विचारलं, “पेपर कसा गेला?”

“बरा गेला.”

तीन वळणं गेली. मग तीच म्हणाली, “पप्पा, काकाला आपण एकट्यालाच सोडून आलो.”

शेवटचा पेपर बायोलॉजीचा. जीप केजला सलीमभाईकडे होती. सकाळी मी डबी दारात लावली आणि पाहतो तर विलास इस्त्रीचा शर्ट घालून हजर. “मी बी येतो. वाटंत तिचे प्रश्न ऱ्हायलेत.” म्हणाला आणि मागे बसला. आशूने पुढचं दार उघडलं होतं. एक क्षण थांबली, दार लावलं आणि मागे जाऊन त्याच्याशेजारी बसली. पुस्तक त्याच्या मांडीवर होतं ना.

घाटाच्या पायथ्याशी मी गाडी थांबवली. “मागेही बेल्ट लावा.”

दोघांनी शोधले. बेल्ट सापडेनात. बेल्ट होते, पण सीटला घातलेल्या कव्हरच्या खाली. कव्हर मीच घालून आणलं होतं, सीट मळू नये म्हणून. मागे कुणी बसायचंच नाही. विलासने एवढी सोन्यासारखी संधी वाया घालवली नाही. “दादा, जीपात बेल्ट न्हाईत हे मला तरी ठावं होतं.” आशू पुस्तकात तोंड घालून हसत होती. मी उतरलो. भर उन्हात, टँकर शेजारून जात असताना, मी आणि विलासने मिळून ते कव्हर उसवलं, मी दातांनी दोरा तोडला आणि त्याने नखं घालून बेल्ट ओढून काढले. मग दोघांना अडकवलं, खेचून पाहिलं, आणि निघालो.

मी पुढे एकटा, मालकाचा ड्रायव्हर असतो तसा. आरशात दोन डोकी. मागे हृदयाचे कप्पे, रक्ताभिसरण, चुकीचे उच्चार, हसू. टँकर पुढे होता. मी ओव्हरटेक केलं नाही आणि कुणी हॉर्न दे म्हणालं नाही. केंद्रावर उतरल्यावर आशू आमच्या पाया पडली. आधी माझ्या. पण मी थोरला होतो, पहिला नंबर वयाचा होता. तो मी धरत नाही.

त्यानंतर ती लातूरला गेली, मग मेडिकलला, आता पुण्यात एका दवाखान्यात असते. जीपचे ब्रेक बदलले, टायर पहिल्यासारखे झाले. पुढे ती कडा गावच्या एका पोराने नेली आणि म्हणे पुन्हा उचलली. पाऊसही आला, कारखान्याचा बॉयलरही पेटला, पुन्हा थंडही झाला. मी निवृत्त झालो. सुरक्षिततेबद्दलचं माझं एकही मत बदललेलं नाही. फक्त आता मला कळतं की घाट सुखरूप उतरवणं आणि घाट लक्षात राहील असा करणं ही दोन कामं आहेत, आणि एकाच माणसाला दोन्ही क्वचित जमतात. कळतं म्हणून हेवा कमी झालाय असं मात्र नाही.

गेल्या रविवारी दुपारी आशूचा फोन आला. “पप्पा, गाडी घेतली! आत्ताच शोरूममधून बाहेर आणली. आधी काकाला तीनदा लावला, लागतच नाही. तुम्ही सांगा, टायरमध्ये हवा किती ठेवायची?”

मी सांगितलं. गाडी मोकळी असली तर किती, चार माणसं असली तर किती, उन्हाळ्यात सकाळी गार टायरमध्ये का भरायची, दुपारी का नाही. एका वाक्याचं उत्तर मी लांबवलं हे मला माहीत होतं. तिलाही असावं. तिने मध्येच तोडलं नाही.

संध्याकाळी विलास आला. मंगलने दारातच त्याला बातमी सांगितली असावी. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, “दादा, आशूनं गाडी घेतली म्हणं?”

“हो. दुपारी फोन आला होता.”

“तुला?”

“मला. हवेचं विचारत होती.”

“रंग कोन्ता घेतला?”

“ते नाही विचारलं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं मी एकदा सलीमभाईकडे पाहिलं असेल. मग खिशातून मोबाइल काढला, वरखाली केला, पुन्हा खिशात ठेवला. दुपारभर तो मळ्यात होता. तिथे रेंज नसते. “मला न्हाई केला,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून असं नाही. त्याचं तोंड जे उतरलं होतं ते मी ओळखलं. ते तोंड मी एक अख्खा मार्च घालून फिरलो होतो.

मंगलने चहा आणला. फार गरम होता. मी तो बशीत ओतला, फुंकला, सावकाश प्यायलो, आणि बशी खाली ठेवल्यावरच त्याला तीनदा लावलेल्या फोनचं सांगितलं.